कूस पालटण्याची विद्या

इतिहासाच्या व्याख्यानास येणारा श्रोता लढाया, तह आणि राज्यक्रांत्या ऐकावयाच्या तयारीने येतो. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत तीत रक्त आहे, मरण आहे, चिकाटी आहे. तलवार मात्र नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर ज्या जखमा पडतात त्यांचा हा इतिहास. मराठीत त्यांना शय्याव्रण म्हणतात; घरोघर मात्र बेडसोअर हाच शब्द रूढ झाला आहे. ज्या घरात एखादे आजोबा किंवा आत्या पक्षाघाताने महिनोन्‌महिने पडून होत्या, त्या घराला ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. माकडहाडाशी प्रथम एक डाग दिसतो. घरची माणसे म्हणतात, चादरीची वळी रुतली असेल. आठ दिवसांनी तेथे तळहाताएवढा खड्डा असतो, आणि मग जो तो एकमेकांकडे पाहू लागतो.

हे एकमेकांकडे पाहणे हाच आमच्या विषयाचा गाभा आहे. जखम झाली तर दोष कोणाचा? रोगाचा, खाटेचा, की उशाशी बसलेल्या बाईचा? वैद्यकाने ह्या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलली आहेत, आणि प्रत्येक उत्तराची झळ शेवटी एकाच व्यक्तीला लागली आहे. ती व्यक्ती म्हणजे परिचारिका.

प्रथम जखमेचे कारण पाहू. कातडीला रक्त पोचविणाऱ्या केशवाहिन्या फार नाजूक असतात. १९३० साली लँडिस नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून आतील दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. बाहेरून ह्याहून अधिक दाब पडून राहिला की वाहिनी मिटण्याचा संभव, आणि वाहिनी मिटली की तिच्यावर जगणारे मांस उपाशी. निरोगी माणसाला हे ठाऊक नसले तरी त्याच्या शरीराला ठाऊक असते. झोपेतही तो कूस पालटतो, पाय हलवितो. निसर्गाने प्रत्येकाच्या अंगात एक परिचारिका ठेवून दिली आहे म्हणाना! बेशुद्धी, लकवा किंवा गुंगीचे औषध ह्यांनी तीच झोपी जाते. त्यातून हाडावरचे मांस वरच्या कातडीपेक्षा आधी मरते. वाळवी लागलेली तुळई बाहेरून धड दिसावी तसा प्रकार. डाग दिसला त्या दिवशी जखम झाली असे घरच्यांना वाटते, पण ती पुष्कळदा त्याआधीच झालेली असते. भीष्माचार्य शरशय्येवर ५८ रात्री होते असे महाभारत सांगते. त्यांना इच्छामरणाचा वर होता म्हणून निभावले. इतरांनी तो प्रयोग करू नये.

आपल्या प्राचीन ग्रंथांत ह्याविषयी काय आहे असे विचारणारे श्रोते असतातच, म्हणून दोन गोष्टी सांगतो. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी त्याने चार गुण मागितले. उपचारांचे ज्ञान, हातातील दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. ज्ञान पहिले घातले आहे, हे ध्यानात ठेवावे. सुश्रुताने व्रणबंधाचे म्हणजे पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगून पुढे घट्टपणाचेही तीन प्रकार केले: गाढ, सम आणि शिथिल. कोठे आवळावे आणि कोठे सैल ठेवावे हे अवयवागणिक ठरवून दिले, आणि चुकीच्या जागी आवळले तर अपाय होतो हेही बजावले. यावरून पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु जी वस्तू बरे करण्यासाठी अंगाला बांधावयाची तीच इजा करू शकते, हा विचार तेथे स्पष्ट आहे. आणि पुढे त्याच विचाराशी आपणांस परत यावयाचे आहे.

आता युरोपात जाऊ. साल १५६९. फ्रान्सच्या राजाचा शस्त्रवैद्य आंब्र्वाज पारे ह्याला फ्लँडर्समधील एका मार्कीला पाहण्यासाठी पाठविण्यात आले. मार्कीला सात महिन्यांपूर्वी गुडघ्याजवळ गोळी लागून मांडीचे हाड मोडले होते. पारे पोचला तेव्हा रोगी हाडांचा सापळा झाला होता. अंगात ताप, मांडीत पू, आणि बसण्याच्या जागी तळहाताएवढा व्रण. वेदना इतक्या, की जवळजवळ दोन महिने कोणी त्याची चादर बदलली नव्हती. पांघरुणाला हात लावण्याची सोय नव्हती. पारेने शस्त्रक्रिया केली, औषधे दिली, हे तर झालेच. पण त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीतील दुसरा भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्याने शेजारी दुसरा मऊ बिछाना तयार करविला, रोग्याला स्वच्छ सदरा घालून त्यावर हलविले, आणि पिसांची एक लहान उशी अशी बसविली की व्रणाची जागा अधांतरी राहावी, तिच्यावर भार पडू नये. रोग्याला झोप येत नव्हती, म्हणून उंचावरून एका कढईत पाण्याची धार धरून पावसाचा आवाज करविला. पुढे रोगी सुधारल्यावर वादक आणून त्याची करमणूकही केली. मार्की बरा झाला. पारेच्या चरित्रात तोफांच्या जखमांचे पान नेहमी वाचले जाते, उशीचे पान क्वचित.

तीनशे वर्षांनी पॅरिसमध्येच गाडी उलट्या दिशेला गेली. सालपेत्रिएर रुग्णालयातील शार्को हा मज्जाविकारांचा जगन्मान्य पंडित. पाठीचा कणा किंवा मेंदू दुखावलेल्या रोग्यांत काही दिवसांतच भयंकर व्रण पडतात हे त्याने बारकाईने टिपले, आणि निष्कर्ष काढला की मज्जातंतूंच्या बिघाडामुळे कातडीचे पोषणच थांबते व व्रण आपोआप उद्भवतो. अशा व्रणाला त्याने दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ अशुभसूचक असा होतो. व्रण दिसला म्हणजे मरण जवळ आले. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा. विद्वानांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. वास्तविक उत्तर आधीच मिळालेले होते. ब्राउन-सेकार ह्या शरीरशास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास गिनीपिगांचा पृष्ठरज्जू कापून प्रयोग केले, आणि ज्या प्राण्यांना ओलीपासून व दाबापासून जपले त्यांच्या अंगावर व्रण पडत नाहीत असे दाखविले. पण शार्कोचा दरारा मोठा. त्याच्या मताचा व्यवहारातील परिणाम असा, की व्रण जर मज्जातंतूंमुळे होणारच, तर रात्री उठून रोग्याची कूस कशाला बदला? पंडिताच्या एका चुकीने किती माणसे उताणी पडून मेली असतील ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इंग्लंडात तोवर व्यवहारी मार्ग शोधले जात होते. नील आर्नट ह्या स्कॉटिश डॉक्टराने १८३२ साली पाण्याचा बिछाना तयार केला: पाण्याने भरलेली उथळ पेटी, तिच्यावर रबर चढविलेले कापड, त्यावर गादी. पाण्यावर शरीर तरंगले की भार एका जागी न राहता सर्वत्र वाटला जातो. आर्नटने ह्या शोधाचे पेटंट घेतले नाही. एलिझाबेथ गॅस्केल ह्या कादंबरीकर्तीच्या १८५५ सालच्या 'नॉर्थ अँड साउथ' कादंबरीत आजारी आईसाठी असा बिछाना शेजारून मागून आणण्याचा प्रसंग आहे. तेव्हा ती वस्तू फार दुर्मिळ राहिली नसावी.

मग फ्लॉरेन्स नाइटिंगेल आल्या. ह्या बाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, तरी येथील गावांच्या आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. शुश्रूषेवरील त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात, रोग्याला शय्याव्रण झाला तर तो बहुधा रोगाचा दोष नसून शुश्रूषेचा असतो, अशा अर्थाचे विधान आहे. शार्कोच्या हताशेपुढे हे विधान म्हणजे केवढा दिलासा! कारण दोष शुश्रूषेचा असेल तर उपायही शुश्रूषेच्या हाती आहे. परंतु ह्या वाक्याला दुसरीही धार होती. शुश्रूषा ह्या शब्दाने बाईंना हवा, उजेड, अन्न, स्वच्छता, सगळी व्यवस्था अभिप्रेत होती. वाचणाऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ परिचारिका असा केला. तेव्हापासून व्रण दिसला की प्रथम सिस्टरला बोलावण्याची चाल पडली.

दुसऱ्या महायुद्धात ह्या प्रकरणाला खरी कलाटणी मिळाली. त्यापूर्वी कण्याला गोळी लागलेला सैनिक म्हणजे गेलेला सैनिक, असे सर्वच सैन्यांत धरून चालत. गोळीने तो मरत नसे. व्रण आणि मूत्रमार्गाचा दाह त्याला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नेत. १९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग उघडला आणि त्याची सूत्रे लुडविग गुटमान ह्यांच्याकडे आली. गुटमान हे जर्मनीतील ज्यू मज्जाशल्यवैद्य. नाझींच्या छळामुळे १९३९ साली देश सोडून आलेले. त्यांनी एक साधा नियम घातला: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रोग्याची कूस बदलायची. रात्री अवचित येऊन नियम पाळला जातो की नाही हे ते पाहत, अशी त्यांची ख्याती आहे. दोन तासांचा हा आकडा कोठल्या एका प्रयोगातून सिद्ध होऊन आलेला नव्हता. तो खाटेपाशी ठरला.

गुटमान ह्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत एक प्रकार वारंवार दिसे. कणा हलू नये म्हणून त्यांना वाटेत प्लास्टरच्या साच्यात घातलेले असे. आता प्लास्टरची पट्टी हा एकोणिसाव्या शतकातील मोठा शोध. मातायसेन ह्या डच लष्करी शस्त्रवैद्याने ती १८५२ साली प्रसिद्ध केली आणि मोडलेल्या हाडांचे नशीब उघडले. पण घट्ट पट्टीखाली रक्त थांबून हात कायमचा आखडतो हे फोल्कमान ह्या जर्मन शस्त्रवैद्याने १८८१ सालीच सांगितले होते. स्टोक मँडेव्हिलला साचे फोडले की आत व्रण निघत. रोग्याला संवेदना नाही, त्यामुळे तो ओरडत नाही. साचा अपारदर्शक, त्यामुळे कोणाला दिसत नाही. गुटमान ह्यांनी साचे काढून टाकले आणि त्यांच्या जागी मऊ रबराच्या गाद्या-उशा मांडल्या. उपकरणामुळे होणाऱ्या व्रणाचे स्वरूप येथे पुरते उघड झाले होते, फक्त त्याला नाव मिळाले नव्हते.

ह्या विभागाचे एक फळ जगाला माहीत आहे. १९४८ साली तेथील रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीतील १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली, तिचीच पुढे पॅरालिंपिक झाली. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कण्याने अधू झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र १९७४ साली निघाले. कण्याला मार बसलेला माणूस मरत नाही, जगतो आणि पोहतोही, ह्याच्या मुळाशी रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता कोणीतरी उठून पालटलेली कूस असते.

शास्त्र मागाहून आले. १९५९ साली कोसियाक ह्या अमेरिकन डॉक्टराने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की मोठा दाब थोडा वेळ आणि लहान दाब पुष्कळ वेळ, दोन्ही सारखेच घातक. म्हणजे नुसता दाब मोजून भागत नाही; त्याला वेळेने गुणावे लागते. इंग्लंडात डोरीन नॉर्टन ह्या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रोग्यांचा अभ्यास करून १९६२ साली अहवाल दिला. रोग्याची शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, ह्या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली तर धोका. एका परिचारिकेने, परिचारिकांच्या कामाचे, परिचारिकांसाठी केलेले हे मोजमाप. पुढे १९८७ साली ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम ह्यांनी सहा बाबींचे दुसरे मापन काढले. आज ते जगभर वापरात आहे.

नॉर्टनबाईंच्या अभ्यासाने एक जुनी समजूतही हलविली. पाठीला चोळावयाचे काय ह्याविषयी रुग्णालयागणिक संप्रदाय होते: कोठे स्पिरिट, कोठे तेल, कोठे आणखी काही. आपल्याकडेही स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि वर पावडर टाकायची, हे परिचारिकांच्या पिढ्यांनी परीक्षेत लिहिले आणि हाताने केले. मुरगळलेल्या पायाला तेल चोळण्याची सवय असलेल्या समाजाला ते पटतही होते. पुढे कळले की हाडावरच्या लाल झालेल्या कातडीला चोळणे म्हणजे दुखावलेल्या वाहिन्यांना आणखी दुखावणे, आणि स्पिरिटाने कातडी कोरडी पडून चिरते. तीच गत हवेच्या गोल चकतीची. मध्यभागाला आराम देताना ती कडेच्या गोलाला आवळते. टाचेखाली पाण्याने भरलेला रबरी हातमोजा ठेवण्याची युक्तीही अशीच, दिसायला गोड. प्रेमाने केलेली सेवा आणि ज्ञानाने केलेली सेवा ह्यांत अंतर पडू शकते. चरकाने दोन्ही मागितले होते, हे पुन्हा आठवावे.

इतका वेळ आपण बिछान्याविषयी बोललो. आता कोपनहेगनला चला, साल १९५२. त्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वास घेण्याचे स्नायूच लुळे पडत. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रे मोजकी: एक लोखंडी पेटी आणि छातीवर बसवावयाची सहा कवचे. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ बियोर्न इब्सेन ह्यांनी २७ ऑगस्टला एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबीत बसले. पुढल्या वर्षी इब्सेन ह्यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात जो विभाग उघडला, तो आजच्या अतिदक्षता विभागांचा मूळपुरुष मानतात.

पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु नळी घातलेल्या त्या लुळ्या देहाला कुशीवर वळवायचे, नळीतील कफ ओढून काढायचा, नळीचे बंध सैल-घट्ट करायचे, हेही कोणीतरी करीत होते. येथून पुढे माणूस नुसता बिछान्यावर राहिला नाही. तो नळ्यांच्या आणि पट्ट्यांच्या जाळ्यात राहिला. ह्या जाळ्याचा पेच जुन्या लोखंडी पेटीतच दिसतो. पेटीतून बाहेर आलेल्या मानेभोवती रबराचा गळपट्टा असे. सैल राहिला तर हवा सुटून यंत्र निकामी; घट्ट केला तर मान सोलते. बिछाना मऊ करता येतो. गळपट्टा मऊ करून चालत नाही, कारण घट्ट बसणे हेच त्याचे काम.

श्वासनलिकेतील नळीने हा पेच शरीराच्या आत नेला. हवा बाजूने सुटू नये म्हणून नळीच्या टोकाशी एक लहान फुगा असतो. आरंभीचे फुगे जाड रबराचे, थोड्या हवेत टणक होणारे. रोगी यंत्रावरून सुटे, घरी जाई, आणि काही आठवड्यांनी त्याला धाप लागू लागे. तपासावे तर फुगा जेथे बसला होता तेथेच श्वासनलिका व्रण भरून आकसलेली. बोस्टनमधील ग्रिलो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९च्या सुमारास ह्या इजेचा पायरीपायरीने माग काढला, आणि मग मोठे, मऊ, कमी दाबाचे फुगे आले. १९८४ साली दोघा संशोधकांनी दुर्बिणीतून पाहून सांगितले की फुग्याचा दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचे रक्त कमी होऊ लागते. आज अतिदक्षता विभागातील परिचारिका लहानशा मापकाने तो दाब २० ते ३०च्या दरम्यान ठेवते. खाली गेला तर तोंडातील स्राव फुफ्फुसात उतरतो, वर गेला तर अस्तर मरते. दहा सेंटिमीटरांच्या त्या पट्टीत रोग्याचे पुढचे आयुष्य असते.

अशा एका खाटेपाशी आपण मनाने उभे राहू. ओठांच्या कोपऱ्यात श्वासनळी, ती नाडीने किंवा चिकटपट्टीने गालांवरून बांधलेली. नाकपुडीतून पोटात गेलेली नळी. बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, मांडीवर मूत्रनळी, पोटऱ्यांवर दाबाचे मोजे. अपघाताचा रोगी असेल तर मानेला ताठ कॉलर. मुखवट्यावाटे श्वास दिला जात असेल तर सगळा भार नाकाच्या दांड्यावर, जेथे हाड आणि कातडी ह्यांच्यामध्ये मांस असे जवळजवळ नसतेच. नळीच्या वाटा कानांच्या मागून, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून, हनुवटीखालून जातात. व्रणही तेथेच, आणि पुष्कळदा उपकरणाच्याच आकाराचे. सकाळी नीट बसलेली पट्टी संध्याकाळपर्यंत काचू लागते, कारण पट्टी तीच असली तरी चेहरा सुजलेला असतो. रक्तदाब सावरणारी औषधे कातडीचे रक्त आखडतात. मुखवट्याखाली वाफ आणि घाम. रोगी गुंगीत, काही टोचते आहे हे तो सांगणार कसा?

ह्या खाटेपाशी जे ज्ञान लागते त्याला पुस्तकी म्हणणे कठीण आहे. प्रत्येक उपकरणाखालची कातडी दिवसातून निदान दोनदा उचलून पाहायची, सूज असेल तर अधिक वेळा. नळी ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे न्यायची, पण ती निसटू द्यायची नाही; निसटली तर काही मिनिटांत जीव जातो. बोटाचा चिमटा दुसऱ्या बोटाला लावायचा. कूस बदलल्यावर एखादी तार, नळीचे टोपण किंवा सुईचे झाकण पाठीखाली राहिले नाही ना, हे हात घालून पाहायचे. मुखवटा बसविण्यापूर्वी नाकावर फेसाळ पट्टी लावायची, पण इतकी जाड नाही की तिनेच दाब वाढावा. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण. पाश्चात्त्य पुस्तके सांगतात, कातडी लाल दिसली की सावध व्हा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. तेथे हाताच्या पाठीने ऊब पाहावी लागते, बोटाने कठीणपणा चाचपावा लागतो, शेजारच्या कातडीशी रंग ताडावा लागतो. गोऱ्या कातडीवर लिहिलेले पुस्तक पाठ करून आलेली मुलगी हे एखाद्या जुन्या सिस्टरच्या हाताखालीच शिकते.

ह्या जखमांना स्वतंत्र नाव मिळावयास फार वेळ लागला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, रुग्णालयात उद्भवलेल्या दाबव्रणांपैकी सुमारे एकतृतीयांश उपकरणांमुळे झालेले आढळले. म्हणजे सगळे लक्ष माकडहाडाकडे आणि टाचेकडे असताना तिसरा वाटा कान, नाक, ओठ येथे होता. ह्या विषयावरील अमेरिकन तज्ज्ञमंडळाने २०१६ साली परिभाषा बदलली. व्रणाऐवजी दाबाची इजा हा शब्द घेतला, कारण कातडी फाटण्यापूर्वीही इजा झालेली असते. आणि वैद्यकीय उपकरणाने होणारी इजा हा प्रकार स्वतंत्र नोंदविला. तोंड, नाक, श्वासनलिका ह्यांच्या ओल्या अस्तरावरील इजेला कातडीचे टप्पे लावू नयेत, असेही ठरविले. परंतु तत्पूर्वीच, २००८च्या ऑक्टोबरपासून, अमेरिकन सरकारी विमा योजनेने रुग्णालयात झालेल्या खोल शय्याव्रणांचा वाढीव खर्च देणे थांबविले होते. नाइटिंगेलबाईंच्या वाक्याचे असे कायद्यात रूपांतर झाले, आणि दोषाला दर आला.

मग परिचारिकांना किती कळते हे मोजण्याची लाट उठली. पहिल्या प्रश्नपत्रिका विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाल्या आणि देशोदेशी परीक्षा झाल्या. निकाल बहुतेक ठिकाणी मनाला लागणारे. बेल्जियममधील रुग्णालयांत घेतलेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली पाहणी नमुन्यादाखल घेऊ: सरासरी गुण शंभरात पन्नासच्या आसपास. वर्तमानपत्री मथळ्याला एवढे पुरते. पण त्याच पाहणीत एक अधिक महत्त्वाची गोष्ट होती. रोग्याला प्रत्यक्षात योग्य काळजी मिळते की नाही ह्याचा संबंध परिचारिकेच्या गुणांशी फारसा लागला नाही. तिच्या वृत्तीशी, म्हणजे हे काम करण्यासारखे आहे आणि आपल्याच्याने होण्यासारखे आहे असे तिला वाटते की नाही ह्याच्याशी लागला.

आपल्याच्याने होण्यासारखे आहे काय, ह्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला. दहा खाटांचा विभाग धरा. दर दोन तासांनी कूस म्हणजे दिवसाला एका रोग्यास १२ वेळा, दहा रोग्यांस १२० वेळा. यंत्रावरचा रोगी एकटीला वळविता येत नाही. दोघी हव्यात, आणि नळ्या सांभाळून पाच मिनिटे तरी हवीत. झाले १,२०० मिनिटे, म्हणजे २० तास. प्रत्येकाच्या अंगावर आठ उपकरणे आणि दिवसातून दोन तपासण्या धरल्या तर १६० तपासण्या. दोन मिनिटांची एक म्हटली तरी आणखी पाच तासांहून अधिक. औषधे, नोंदी, रक्ताचे नमुने, नातेवाइकांची विचारपूस ह्यांत धरलेली नाही. यंत्रावरील एका रोग्यामागे एक परिचारिका असेल तर हा हिशेब सहज सुटतो. तीन रोग्यांमागे एक असेल तर तो प्रश्नपत्रिकेत शंभर गुण मिळविणारीलाही सुटणार नाही. अडाणीपणा आणि अपुरेपणा हे दोन निराळे दोष आहेत. परीक्षा पहिल्याचीच घेतली जाते. अर्थात गादीच्या सुधारणेने थोडी सवलत मिळाली आहे. २००५ साली बेल्जियममध्येच असे दिसले, की दाब वाटून घेणाऱ्या फेसाच्या गादीवर चार तासांनी कूस बदललेल्या वृद्धांना, साध्या गादीवर दोन तासांनी बदललेल्यांहून कमी व्रण झाले. परंतु नाकावरच्या मुखवट्याला अशी गादी नाही.

२०२० साली करोनाची साथ आली आणि श्वासाचे रोगी पालथे निजविण्याची पद्धत सर्वत्र झाली. उताण्या रोग्याचे माकडहाड वाचले, तर पालथ्याचे कपाळ, गाल, हनुवटी आणि नळीखालचा ओठ धोक्यात आले. पाच-सहा जणांनी मिळून एका देहाला वळवायचे, आणि एकाने केवळ नळी धरून उभे राहायचे. मुंबई-पुण्याच्या विभागांत त्या वर्षी कित्येक मुली घट्ट मुखवटा आणि चष्मा लावून तासन्‌तास उभ्या होत्या; विषाणूच्या भीतीने तो मध्ये काढण्याची सोय नव्हती. पाळी संपवून बाहेर आल्या की नाकाच्या दांड्यावर आणि गालांच्या हाडांवर काळपट-लाल वळ, कोठे कोठे फुटलेली कातडी. पुष्कळ ठिकाणी त्यांनी उपाय केला तो कोणाला विचारून नव्हे. रोग्याच्या नाकावर मुखवट्याखाली जी फेसाळ पट्टी कापून लावीत, तिचाच एक तुकडा कापून पाळीला जाण्यापूर्वी त्या स्वतःच्या नाकावर लावू लागल्या.